शॉक ओरिजिनल की अपग्रेड? आजोबांच्या फियाटच्या निमित्ताने

मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी आई, पाऊस, मैत्री आणि 'आजचा तरुण कुठे चालला आहे' या विषयांवर लेख येतात. आजचा तरुण कुठेही चालला असो, तो ज्या गाडीतून चाललाय तिचे शॉक ॲब्सॉर्बर धड आहेत का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो! म्हणून यंदा हा विषय. शाळा कॉन्व्हेंट असल्यामुळे माझं मराठी अर्धं घरातलं आणि अर्धं एसटीत ऐकलेलं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

तर माझं आजोळ माहूर. तेच ते, रेणुकामातेचं, साडेतीन पीठांपैकी एक. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट करत गेलं की शेवटी सागवानाचं जंगल लागतं आणि पोट ढवळायला लागतं. आजोबांकडे १९७४ सालची फियाट आहे. त्यांनी ती १९८८ मध्ये सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून ती घरातलीच एक बाई असल्यासारखी वागवली जाते. म्हणजे तिच्याबद्दल तिच्यासमोर कोणी वाईट बोलायचं नाही. आता तिचे चारही शॉक गेलेत. आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात.

आजोबांची पार्टी म्हणते, कंपनीचे जसे होते तसेच पाहिजेत, नाहीतर जे आहेत तेच राहू द्या. लातूरचे मामा म्हणतात, "ओरिजिनल काय घेऊन बसलात, गॅसचे कडक शॉक टाका, गाडी रस्त्याला चिकटून पळेल." आणि दोघंही माझ्याकडे बघून म्हणतात, "तू मेकॅनिकलला आहेस ना? सांग मग!" मेकॅनिकलच्या मुलीला घरी विचारतात ते फक्त दोन प्रश्न, मिक्सर का बंद पडला आणि हा.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना मेसला जायची घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. माझ्या मते दोघांचंही चुकतंय, आणि एकाच कारणाने. शॉक हा इंजिनसारखा, बॉडीसारखा गाडीचा 'ओरिजिनल' भाग नाहीच. तो टायरसारखा, ब्रेक लायनिंगसारखा झिजून संपणारा भाग आहे. त्यात जपण्यासारखं काही असेल तर ते जुनं नळकांडं नाही, तर तिच्या स्प्रिंगला आणि वजनाला जुळणारं त्याचं माप. ते माप पाळणारा नवाकोरा शॉक म्हणजेच ओरिजिनल. मग तो काल का बनलेला असेना.

आता जरा गाडीची ओळख. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने ११०० मॉडेल बनवायला घेतलं. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, फियाटशी करार संपल्यावर प्रीमिअर प्रेसिडेंट आणि मग १९७४ च्या सुमारास प्रीमिअर पद्मिनी. नाव तीनदा बदललं, गाडी तीच. लोकांनी शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, वजन ९०० किलोच्या आसपास. पुढे दोन्ही बाजूंना विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. चारही कोपऱ्यांना टेलिस्कोपिक शॉक. मुंबईची काळी-पिवळी हीच. तिथे टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी पेपरात फोटो बघून आजोबा जेवले नाहीत असं आजी सांगते. आजी जरा वाढवून सांगते, पण असो.

या टॅक्सीवाल्यांनी कधी 'ओरिजिनल की अपग्रेड' असा वाद घातला असेल का? शॉक गेला की नवा टाकायचा आणि धंद्याला लागायचं. ही गाडी इतकी वर्षं मुंबईच्या खड्ड्यांत टिकली ती म्युझियममध्ये ठेवल्यासारखी नव्हे, तर झिजलेला भाग वेळेवर बदलत गेल्यामुळे.

मुळात शॉक करतो काय, यातच मोठा घोळ आहे. आणि घोळाचं मूळ नावात आहे. शॉक ॲब्सॉर्बर, मराठी पुस्तकात धक्काशोषक. पण धक्का तर स्प्रिंग खाते! खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि ती ऊर्जा साठवून ठेवते. मग ती परत करते, आणि इथेच भानगड सुरू होते. गाडी वर जाते, खाली येते, परत वर जाते. शॉक हे हेलकावे मारतो. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा. तेल त्या भोकांतून रेटलं गेलं की ऊर्जेची उष्णता होते आणि ती बाहेर हवेत जाते. म्हणून ब्रिटिश पुस्तकांत याला डॅम्पर म्हणतात, तेच बरोबर आहे. व्हायब्रेशनच्या पेपरला आपण सगळ्यांनी 'स्प्रिंग-मास-डॅम्पर' काढलेला आहे. एक डबा, एक नागमोडी रेघ, एक पिचकारीसारखं चित्र. ती पिचकारी म्हणजे आजोबांच्या फियाटचा शॉक, हे मात्र वर्गात कोणी सांगितलं नाही.

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये तर याहून गंमत चालते. आपल्या अनेक वीरांनी बाइकच्या मागच्या शॉकची खालची खाचांची कडी पान्याने फिरवून सगळ्यात शेवटच्या खाचेत नेऊन ठेवली आहे, 'शॉक कडक केला' म्हणून. मित्रांनो, त्या कडीने शॉक कडक होत नाही! तिने फक्त स्प्रिंग बसल्या जागी आधीच थोडी दाबली जाते. मागे बसणाऱ्याचं वजन पेलावं म्हणून ती सोय आहे. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो आणि आतल्या तेलाला, झडपांना तर याचा पत्ताही नसतो. एकटा माणूस त्या खाचेवर फिरला तर त्याचं बूड तेवढं शेकतं.

आता आजोबांच्या गाडीचा हिशेब करू. आकडे सोयीसाठी गोल धरते. चार माणसं बसली, चाकं-ॲक्सल वगळलं, तर एका कोपऱ्यावर २५० किलो. स्प्रिंग १६ न्यूटन प्रति मिलिमीटर. भागाकार करून वर्गमूळ काढलं की ८ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला सव्वा हेलकावा. साध्या प्रवासी गाडीला हा आकडा एक ते दीडच्या मध्ये असावा लागतो, तेव्हा ठीक. क्रिटिकल डॅम्पिंग निघतं ४००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. इतका शॉक लावला तर गाडी अजिबात हेलकावणार नाही, पण आत बसलेल्याचे दातही जागेवर राहणार नाहीत. म्हणून प्रवासी गाडीत त्याच्या साधारण चौथा हिस्सा ठेवतात, म्हणजे १०००. इतक्यात प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या एक पंचमांश उरतो. एकदा हलली, सावरली.

शॉक मेला आणि डॅम्पिंग पाव हिश्श्याऐवजी विसावा हिस्सा राहिलं तर? मग प्रत्येक हेलकाव्यानंतर ७३ टक्के हेलकावा शिल्लक असतो. जे काम एका हेलकाव्यात व्हायचं त्याला पाच लागतात. पाच हेलकावे म्हणजे जवळजवळ चार सेकंद. साठच्या वेगाला चार सेकंदांत गाडी ६५ मीटर जाते. एवढं अंतर टायर कधी रस्त्यावर दाबून बसतोय, कधी हलका पडतोय, आणि नेमकं त्याच वेळी समोर म्हैस आली तर? ब्रेक दाबला तरी हलका पडलेला टायर काय धरणार, कप्पाळ! त्यात या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक.

म्हणून 'आहेत तेच राहू द्या' हे आजोबांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. त्याला जुन्याची जपणूक म्हणता येत नाही. आजोबा म्हणतात, "मी हळू चालवतो." पण माहूरगावातून रेणुकेच्या डोंगरावर आणि पुढे दत्तशिखराकडे जाणारा रस्ता बघा. हळू चालवलं तरी वळणावरचा खड्डा वळणावरच येतो. तिथे गाडीचं वजन आधीच बाहेरच्या चाकांवर गेलेलं असतं आणि आतलं चाक हलकं असतं. त्यात मेलेला शॉक. आणि मागच्या सीटवर कोण, तर पाठीचा पट्टा बांधलेली आजी, देवीच्या तांबुलाचं सामान मांडीवर घेऊन.

ओरिजिनलवाल्यांची दुसरी एक जात आहे. ते 'जुन्या स्टॉकमधला, डबा न फोडलेला' शॉक शोधतात. मुंबईत कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव मिळतात, हा एक काव्यगत न्यायच म्हणायचा. काचा, हँडल, दिव्यांच्या रिंगा तिथून जरूर आणाव्यात. पण शॉक? त्याच्या दांड्याला तेल अडवणारं रबरी सील असतं. रबर डब्यात बसून म्हातारं होतंच. तीस वर्षं फडताळात पडलेला 'नवा' शॉक बसवला आणि महिनाभरात दांडा तेलाने ओला झाला, तर नवल नाही. दांडा तेलकट दिसला की शॉक संपला असं समजायचं. वरच्या डब्यावर कंपनीचं नाव कितीही सुंदर अक्षरात असू दे.

तिसरा मार्ग आपल्या मिस्त्री लोकांचा. शॉक उघडता येण्यासारखा असेल तर उघडायचा, सील बदलायचं, तेल भरायचं. हा मार्ग वाईट नाही, पण तेलावर सगळं अवलंबून आहे. शॉकचं तेल पातळ असतं. हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल ओतलं की डिसेंबरच्या सकाळी शॉकचं लाकूड होतं. माहूरला ज्या चाचांकडे आजोबांची गाडी जाते ते सरळ म्हणाले, "बेटा, तेल कोई भी भर देता, नापता कोई नहीं." हे एक वाक्य मी फ्लुइड मेकॅनिक्सच्या जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता मामांकडे वळू. मामांवर माझा राग नाही. रस्ते बदलले, वेग बदलला, तेलाचे आणि झडपांचे तंत्र पुढे गेलं, मग १९७४ चंच का बसवायचं, हा प्रश्न रास्त आहे. गॅस शॉकचं तत्त्वही खरं आहे. साध्या शॉकमध्ये तेलाच्या वर हवा असते. खराब रस्त्यावर पिस्टन सारखा आपटत राहिला की तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला कसला आलाय विरोध! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा तेल आधीच तापलेलं आणि पातळ झालेलं असतं. नायट्रोजन दाबून भरला की फेस कमी होतो. एकाच नळीचा जास्त दाबाचा गॅस शॉक जर्मनीच्या बिल्स्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी आणला. आपल्या बजाजच्या पल्सरवरच्या 'नायट्रॉक्स' शॉकमध्येही तोच वायू. तेव्हा गॅस म्हणजे फॅड, असं म्हणणारे आजोबाही चूक.

पण मामांना जो शॉक हवाय तो 'गॅसचा' म्हणून नको आहे, तो 'कडक' म्हणून हवाय. पुण्याच्या एका दुकानदाराने त्यांना तसं पटवून दिलंय. आणि कडक म्हणजे चांगला, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज. आमच्या कॉलेजच्या बाहाच्या टीममधले मित्रसुद्धा मला हेच सांगत होते. अरे, तुमच्या गाडीला एक ड्रायव्हर, हेल्मेट, अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट आणि नळ्यांची नवी फ्रेम असते. इथे आजी आहे.

परत हिशेबाला बसा. डॅम्पिंग दुप्पट केलं, १००० चं २०००. खड्ड्यात चाक सेकंदाला एक मीटर वेगाने उसळलं तर सरळ हिशेबाने पहिला शॉक १००० न्यूटनने ढकलतो, दुसरा २००० ने. साधारण शंभर किलोचा ठोसा दोनशे किलोचा झाला. तो ठोसा जातो कुठे? शॉकच्या वरच्या टोकाला बॉडीचा जो पत्रा आहे त्यात. फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच तिची चासी. त्या पत्र्याने पन्नास पावसाळे पाहिलेत. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल नेमका तिथेच साचतो. आतून गंज, वरून आजोबांनी प्रेमाने मारलेला डांबराचा थर, त्यामुळे दिसत काहीच नाही. जुना मवाळ शॉक त्या पत्र्याला सांभाळून घेत होता. कडक शॉक लावला तर मोडणारी गोष्ट शॉक नसेल, पत्रा असेल. म्हणजे पाच मिनिटांत बदलता येणारा भाग वाचवून, कधीच बदलता न येणारा भाग आपण खर्ची टाकतोय!

चांगला शॉक तज्ज्ञ बनवतात तेव्हा तो सरसकट कडक करत नाहीत. हळू हालचालीला, म्हणजे वळणावर झुकताना किंवा ब्रेक मारल्यावर नाक खाली जाताना, बारीक भोकं विरोध करतात. खड्ड्याचा जोराचा फटका आला की झडप उघडते आणि तेलाला मोठी वाट मिळते. शिवाय दबताना कमी आणि ताणताना जास्त विरोध ठेवतात. ताणतानाचा विरोध प्रमाणाबाहेर वाढवला तर वेगळीच गंमत होते. एका खड्ड्यातून चाक पूर्ण खाली येण्याआधी दुसरा खड्डा, मग तिसरा. गाडी प्रत्येक वेळी थोडी थोडी खालीच बसत जाते आणि शेवटी रबरी ठोकळ्यावर आपटते. ओळीने पाच पट्ट्यांचे स्पीडब्रेकर असतात ना आपल्याकडे, तिथे हे छान अनुभवता येईल.

अजून एक हिशेब कोणी दुकानदार सांगत नाही. जास्त दाबाच्या गॅस शॉकमध्ये २५ बारच्या आसपास दाब असतो. दांडा १२ मिलिमीटरचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला की २८० न्यूटनच्या वर. म्हणजे प्रत्येक शॉक गाडी उभी असतानाही २९ किलोने तिला वर ढकलत असतो. शॉक चाकाजवळ उभा बसला असेल तर आपल्या १६ च्या स्प्रिंगवर गाडी १७-१८ मिलिमीटर उचलली जाते, जवळजवळ पाऊण इंच! पुढे विशबोन असल्यामुळे उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो आणि मग टायर एका बाजूने खायला लागतात. मामा म्हणतील, अलाइनमेंट करू. करा. पण एका शॉकपायी किती गोष्टींना हात लावायचा? कमी दाबाच्या, दोन नळ्यांच्या गॅस शॉकमध्ये हाच दाब ५ बारच्या आसपास असतो, तिथे गाडी साडेतीन मिलिमीटर उचलली जाते. तेवढं पेट्रोलची टाकी भरली की जिरून जातं.

मागच्या बाजूला आणखी एक मेख आहे. पाट्यांची स्प्रिंग हलताना पाट्या एकमेकींवर घासतात, आणि ते घर्षण स्वतःच हेलकावे मारतं. म्हणजे मागच्या शॉकचं थोडं काम पाट्याच करतात. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी शॉकचं माप ठरवताना हे धरलेलं असतं. पुढच्या-मागच्याला एकाच 'स्पोर्ट' डब्यातले शॉक टाकले की हा हिशेब बिघडतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्याच गाडीचे शॉक ब्रॅकेट वेल्ड करून बसवणं. आपल्या भागात हे सर्रास चालतं. शॉकची ताणलेली लांबी आणि दाबलेली लांबी जुळली नाही तर काय होतं? शॉक आखूड पडला तर चाक खड्ड्यात लटकताना सगळं वजन शॉकच्या दांड्यावर येतं आणि तो उपटला जातो. लांब पडला तर रबरी ठोकळ्याआधी शॉकच तळाला आपटतो. दोन्ही लांब्या टेपने मोजायला पाच मिनिटं लागतात. तरी मोजत कोणी नाही.

कायद्याचंही बघू, कारण पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला तो वेगळा लागू होऊ शकतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. मूळ रूप म्हणजे काय, तर चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. शॉकचं नाव त्यात नाही. म्हणजे जुन्या जागी, जुन्याच बोल्टवर नवा शॉक बसवला तर मूळ रूपाला बाधा येत नाही. ब्रॅकेट वेल्ड करून बॉडी कापली तर मात्र प्रश्न उभा राहू शकतो. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या 'फिवा' या संघटनेने २०१२ च्या तुरिन चार्टरमध्येही साधारण हेच म्हटलंय, की बदल करावाच लागला तर तो परत काढता येण्यासारखा असावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. तुरिन म्हणजे फियाटचंच गाव, हे आजोबांना सांगितल्यावर ते एकदम चार्टरच्या बाजूने झाले.

व्हिंटेज नोंदणीला एक अट मात्र आहे. ती गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. म्हणजे डोंगरावर देवीला जाणं बंद. त्यावर आजोबा म्हणाले, "मग काय तिची पूजा करू का?" मला हे पटलं. गाडी चालवायची असेल तर चालवण्यालायक ठेवा.

तर माझा सल्ला असा. जुन्याच मापाचे, जुन्याच जागी बसणारे, नवे बनलेले शॉक घ्या. मिळाले तर कमी दाबाच्या गॅसचे, नाही मिळाले तर साधे तेलाचे. गॅब्रियलसारखी कंपनी १९६१ पासून आपल्याच देशात शॉक बनवते, तेव्हा जर्मनीकडे बघत बसायची गरज नाही. एका ॲक्सलचे दोन्ही शॉक एकदम बदला, एक नवा एक जुना असं नको, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी तिरपी ओढते. रबरी बूश त्याच वेळी नवीन टाका. आणि दोन नळ्यांचा शॉक डब्यातून काढून तसाच बसवू नका. दुकानात तो आडवा पडलेला असतो, आत हवा भलत्या जागी गेलेली असते. आधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा आणि दाबा. सुरुवातीला मध्येच पोकळ लागेल, मग सलग विरोध यायला लागेल. तेव्हा बसवा. हे आमच्या सिलॅबसमध्ये नाही, चाचांच्या गॅरेजमध्ये आहे.

'अपग्रेड'चीच हौस असेल तर मामांनी आधी टायर बघावेत. आजोबांच्या टायरच्या बाजूला भेगा पडल्यात. मेलेल्या शॉकमुळे रबरावर लाटांसारखे खळगे झालेत, हात फिरवला तरी कळतात. योग्य मापाचे नवे टायर टाकले तर गाडीत जो फरक पडेल तो कुठल्याही स्पोर्ट शॉकने पडणार नाही. पण टायरला कोणी 'स्पोर्ट' म्हणून मित्रांना दाखवत नाही, हे दुःख आहे.

हॉस्टेलवरच्या लोकांनी आपापल्या घरच्या जुन्या गाडीवर एक प्रयोग सुट्टीत जरूर करावा. गाडीचा एक कोपरा जोर देऊन दाबा आणि सोडा. वर येऊन जागेवर थांबली तर बरं. दोन-तीनदा डुलली तर शॉक गेला. न डुलली म्हणजे शॉक उत्तम असं मात्र समजू नका. गंजलेले सांधे आणि घट्ट पाट्यासुद्धा गाडीला डुलू देत नाहीत. म्हणून खाली वाकून दांडा तेलकट आहे का तेही बघा. सॅक नाही तरी घरी गेल्या गेल्या कोपऱ्यात फेकायचीच असते, ती फेकून आधी हे करा.

सध्या परिस्थिती अशी आहे की आजोबांनी 'नवे पण जुन्याच मापाचे' याला होकार दिलाय. मामांनी 'बघू' म्हटलंय, म्हणजे मामींनी होकार दिलाय. जुने चार शॉक पोत्यात बांधून माळ्यावर ठेवायचं ठरलंय, चार्टरप्रमाणे! पण चाचांनी मागच्या उजव्या माउंटवरचं डांबर खरवडलं तेव्हा खाली बोटभर चीर निघाली. त्यामुळे आधी तो पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा त्याच आकारात बसवायचा, बोल्टचं भोक इकडेतिकडे न सरकू देता. हे काम शॉक बदलण्यापेक्षा दहापट अवघड आहे आणि चाचा ते घाईत करणार नाहीत. तोपर्यंत गाडी अंगणात विटांवर उभी आहे, आणि आजी जीपने डोंगरावर जातेय.